रिगवरची वैजू आणि मंदा

जुहूहून सुटलेलं हेलिकॉप्टर आमच्या गच्चीवरून समुद्राकडे जायचं आणि त्यातल्या कुठल्यातरी एकात बाबा असायचे. नेमकं कुठल्या, ते कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून आई दिसेल त्या हेलिकॉप्टरला हात जोडायची. हात पिठाने भरलेले असले तर कोपरं जोडायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांना वाटायचं, ही बाई सूर्याचं काहीतरी व्रत करते. बाबा खोल समुद्रात तेल काढतात त्या रिगवर स्वयंपाकी होते. एक पंधरवडा तिकडे आणि एक पंधरवडा अंधेरीला, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी रुबाबात सांगायची, "रिगवर असतात." समोरचं तोंड जरा उघडतंय तोवर माझी मोठी बहीण मागून ओरडायची, "भात शिजवतात!" ही माझी ताई, वैजयंती. घरात वैजू. मी मंदा. आमच्यात दोन वर्षांचं अंतर होतं आणि दिवसाला दोन भांडणं.

बाबा घरी आले की आमच्या जेवणाची वाट लागायची. लोकांच्या घरी वडील आले की कोंबडी शिजते, आमच्याकडे उलटं. पंधरा दिवस कटलेट, पुलाव आणि मटण शिजवून शिजवून त्या माणसाला तेलाचा वाससुद्धा नको झालेला असायचा. त्यांना हवी असायची उकड्या तांदळाची पेज, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि कुळथाची पिठी. आमच्याकडे कसला निखारा, गॅसवरच बांगडा भाजायचा आणि खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभीने खिडक्या आपटून बंद करायच्या. कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील, सगळं बाबा गेल्यावर. ते परत जायला निघाले की मला वाईट वाटायचं आणि तोंडाला पाणीही सुटायचं, ही दोन्ही एकदम कशी होतात ते मला अजून कळलेलं नाही. घरात ते स्वयंपाकाला हात लावायचे नाहीत. ओट्यापाशी एक स्टूल घेऊन बसायचे, आईच्या फोडणीला नावं ठेवायचे आणि रिगवरच्या गोष्टी सांगायचे.

आता काकींचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. बाबांची मोठी वहिनी घाटकोपरला राहायची. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला झाकण नव्हतं. ताई गोरी, आईवर गेलेली. मी काळी. सावळी, निमगोरी, गव्हाळ हे सगळे शब्द जाहिरातीत लिहायला ठीक आहेत, मी स्वच्छ काळी होते आणि आहे. काकी आल्या की चप्पल काढायच्या आधी आम्हा दोघींना शेजारी उभं करून बघायच्या. त्या दिवशी चहा ओतता ओतता आईला म्हणाल्या, "मोठ्या चेडवाची चिंता नाय गो. पण ह्या धाकट्याचां काय करतलंस?" आई हसली. आई अशा वेळी हसायची, मला तिचा फार राग यायचा. बाबा स्टुलावर होते. मला वाटलं, आता बाबा काहीतरी बोलतील. ते बोलले, पण भलतंच. "वहिनी, आमच्या रिगवर दोन पाखरां येतात. मी त्यांची नावां ठेवलीत, वैजू नि मंदा."

विषय बदलायला बोलले असतील, नाहीतर काकींना खूश करायला. पण मग सांगण्यातच रंगले. जेवणं उरकली की रिगच्या स्वयंपाकघरातलं तवंगाचं पाणी समुद्रात जायचं. त्या तवंगाचा वास कसा कुठवर जातो कोण जाणे, पण रिकाम्या समुद्रावर कुठूनतरी बुलबुलाएवढी पाखरं हजर व्हायची. जमीन नाही, झाड नाही, वादळवारा असो काही असो, ही आपली लाटेवर. "ही वैजू," बाबा बोटांनी ओट्यावर नाचून दाखवायला लागले, "हिच्या कमरेवर पांढरा पट्टा. पाय लांब, सुतळीसारखे. पंख वर धरून पाण्यावर थयथय चालते नि चोचीने तवंग टिपते. धिटुकली मेली. आणि मंदा ती काळी. कमरेवर पांढरां नाय, काय नाय, सगळीच काळी. शेपटीक खाच. ती लांबसून जाता." काकी मोठ्याने हसल्या. "नावां बरी ठेवलंस हां भावजी!" ताईसुद्धा हसली. मग माझ्याकडे बघून चहाचे कप गोळा करायला लागली.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. सगळीच काळी, एवढंच डोक्यात बसलं. काकी म्हणायच्या, शेजारपाजार म्हणायचा, शाळेच्या गॅदरिंगला बाई मला राक्षसाचं काम द्यायच्या, ते सगळं मी गिळलं होतं. कारण घरात एक माणूस असा आहे की ज्याला माझा रंग दिसतच नाही, अशी माझी खात्री होती. त्या माणसाने भर समुद्रात, आजूबाजूला कुणी नसताना, एक काळं पाखरू बघितलं आणि त्याला पहिली मी आठवले. बस. मी बाबांशी बोलणं सोडलं.

माझा अबोला म्हणजे तोंड मिटून बसणं नव्हे, तेवढं मला जमायचं नाही. मी आईच्या मार्फत बोलायची. "आई, त्यांना सांग, पाणी तापलंय." बाबा स्टुलावरून म्हणायचे, "मी 'त्यांना' कधीपासून झालो गो?" मी आईकडे बघून, "आई, त्यांना सांग, पाणी निवेल." दोन दिवस सगळ्यांना मजा वाटली. मग बाबा माझ्यासाठी बटाटेवडे करायला स्वतः उठले, घरात कढईला हात न लावणारा माणूस. मी वडा खाल्ला नाही. ताईने माझे पण खाल्ले. जायच्या दिवशी ते दारात बॅग घेऊन बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. मला विचारायचं होतं, बाबा, तुम्हालाही माझा रंगच आधी दिसतो का? एवढं एक वाक्य. ते तोंडातून निघेना. बाबा गेले, वरून हेलिकॉप्टर गेलं, आणि आईने हात जोडल्यावर पहिल्यांदाच मलाही जोडावेसे वाटले. मी जोडले नाहीत. ताठा म्हणजे ताठा.

त्यांची यायची वेळ झाली तेव्हा हवा बिघडली. श्रावणातला पाऊस शहाण्यासारखा पडतो म्हणतात, त्या वर्षी तो पिसाळला होता. वाऱ्याने गच्चीवरचे पत्रे उडाले. आणि हेलिकॉप्टरं बंद. तुम्हाला खोटं वाटेल, पण कान बधिर करणारा तो आवाज बंद झाल्यावर आमच्या घरात कुणाला झोप येईना. बाबा येणार त्या दिवशी आईने पेज लावली. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत लावली. कंपनीच्या ऑफिसात खालच्या वाण्याकडून फोन केला की एकच उत्तर, "सगळे सुखरूप आहेत, हवा उघडली की येतील." आई म्हणायची, "सुखरूप आहेत तर मग आवाज का असा काढतो तो?" ती पेज आम्हीच प्यायचो. एरवी पेजेला नाकं मुरडणाऱ्या आम्ही दोघी वाट्या पुसून ठेवायचो.

अशातच एका संध्याकाळी ताई गच्चीवर पत्रे बघायला गेली आणि ओढणीत काहीतरी गुंडाळून धावत खाली आली. "मंदे, हे बघ काय! टाकीच्या मागे कावळे टोचत होते याला." ओढणीत एक पाखरू होतं. भिजून गोळा झालेलं, चिखलाने माखलेलं, चोच आकडीसारखी, आणि चोचीवर एक नळी. नाकाची नळी! असलं पाखरू आम्ही कधी बघितलं नव्हतं, पण ओळखायला क्षण लागला नाही. घरभर जो वास सुटला तो बाबांच्या बॅगेचा वास होता. तळणाचा, डिझेलचा, माशाचा, सगळ्याचा मिळून एक. आईने नुसता श्वास घेतला आणि हातातली पळी खाली ठेवली. "तिकडचं पाखरू इथे येऊन पडलं," ती म्हणाली, "तर तिकडे काय झालं असेल गं?"

ताईने आईला पाणी दिलं. मग तिने पाखराला कपड्याने पुसलं, उलटंसुलटं केलं, जरा वेळ बघत राहिली, आणि माझ्या हातात दिलं. "काळी आहे. सगळीच काळी. तुझी." मी बघितलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत सुकवलेल्या आमसुलाचा रंग, मिटलेले लांब पंख शेपटीवर कात्रीसारखे एकावर एक. पाय पोटाखाली दुमडून बसलेली. डोळा मिरीएवढा. मी काळ्या रंगाकडे इतक्या जवळून, इतक्या वेळ कधी बघितलं नव्हतं. आरशात आपण तोंड धुतो, केस विंचरतो, बघत नाही. तो रंग एक नव्हताच, पंखावर एक तपकिरी झाक होती, मानेवर निळसर राख. सुंदर होती हो मेली! मी तिथल्या तिथे ठरवलं, हिला जगवायची. बाबा आले की त्यांच्यासमोर ठेवायची आणि विचारायचं, ही का मी? हे पाखरू हातात असेल तर ते वाक्य माझ्या तोंडून निघेल अशी माझी खात्री झाली होती. मेलं तर नाही निघणार. आणि बाबाच आले नाहीत तर, हा विचार मी दाराबाहेर ठेवला होता.

चपलांच्या खोक्यात तिला ठेवलं. पहिल्यांदा भात दिला, मग दाणे. समुद्रात कोण भात लावतं, पण आम्हाला कुठे अक्कल! आई म्हणाली, "जवळा दे." वर्सोव्याच्या कोळीण मावशीकडून ओला जवळा आणला, चिमटीने चोचीत घातला, तर पाखराने माझ्या फ्रॉकवर नारिंगी तेल ओकलं. तो फ्रॉक शेवटी फेकावा लागला. तरी दुसऱ्या दिवशी तिने एक जवळा गिळला. मी इतकी ओरडले की खालच्या भाभी वर आल्या. खिडकी आपटणाऱ्या त्या बाई नाकाला पदर लावून खोक्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, आ तो बेबी छे." मग त्यांच्याकडची गरम पाण्याची पिशवी खोक्याखाली आली. मीही नीट जेवायला लागले. इतके दिवस बाबांच्या काळजीने मी पेजेखेरीज काही खात नव्हते, हे मला तोवर कळलंच नव्हतं. पाखरू उभं मात्र राहीना. दोन पावलं टाकली की घोट्यांवर बसायचं. आई म्हणायची, "जमिनीची सवयच नाही गं तिला."

आणि मग एका सकाळी आवाज आला. आधी लांब, मग भांडी थरथरायला लागली. आई पळत गच्चीत गेली, मागून आम्ही, मागून भाभी. आकाश धुतल्यासारखं निळं, आणि हेलिकॉप्टर समुद्राकडून शहराकडे. मी हात जोडले. दोन्ही हात, कपाळाला लावून जोडले.

रिक्षा थांबली, बाबा उतरले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. आईने पेजेखालचा गॅस मोठा केला. मी खोकं घेऊन दारातच उभी राहिले. इतक्या दिवसांचं पाठ केलेलं वाक्य, पण बाहेर पडलं ते असं, "ही बघा तुमची काळी. मेली नाही. मी जगवली." आणि मला रडू फुटलं. बाबांनी बॅग खाली टाकली, बूटही न काढता खाली बसले आणि पाखरू उचललं. उचलायची रीत त्यांना ठाऊक होती, पाठीवरून मूठ. तेवढ्यात तिने एक पंख झटकन उघडला. पंखाखालून, कमरेवर, पांढरा पट्टा. खडूने ओढल्यासारखा पांढरा. खाली सुटलेल्या पायाच्या पडद्यावर पिवळा डाग. मिटल्या पंखांनी इतके दिवस ते सगळं झाकून ठेवलं होतं.

माझं रडणं थांबलं. "ही ताईची आहे," मी म्हटलं.

बाबांनी ताईकडे बघितलं. ताई दाराच्या कडीशी खेळत होती. "मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं," ती म्हणाली. "पुसताना."

"मग सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं.

"कशाला सांगू? तुझी म्हटल्यावर तू जेवायला लागलीस." आणि लगेच, आपण काहीतरी चांगलं बोललो याची लाज वाटल्यासारखं, "नाहीतर तुझा तो ओला जवळा मी कशाला निवडत बसले असते, गाढवे!"

मग मी ते वाक्य बोलले. बाबा, तुम्हालाही माझा रंगच आधी दिसतो का? काळी म्हणून त्या पाखराला माझं नाव दिलंत ना? सगळ्यांसमोर, भाभींसमोरसुद्धा. बाबा गोंधळले. खरंच गोंधळले, त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "म्हणान तू बोलत नव्हतंस?" त्यांनी पाखरू ताईच्या हातात दिलं आणि डोकं खाजवलं. "काळी म्हणून नाय गो बाय. हाकेक ओ देत नाय म्हणान! वैजू काय, तवंग टाकला की समोर. भूक लागली की येतलीच. ती दुसरी तशी येत नाय. किती टाका, ढुंकून बघत नाय. आपल्या मर्जीन येतली, लांबसून एक गिरकी मारतली नि गेली. मी चहा घेऊन कठड्यार उभो ऱ्हवतंय तिच्यासाठी. कधी कधी अख्खो पंधरवडो दिसत नाय. आणि दिसली की मी बोंब मारतंय, मंदा इली! सगळी गॅली, आमच्या स्वयंपाकघरातली माणसां, बाहेर येता." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सांग, तुझ्यासारखी नाय? इतके दिवस 'त्यांना' म्हणत होतंस ती तू!"

आई हसली. या वेळी मला तिचा राग आला नाही. मी बाबांच्या बॅगेवर तोंड ठेवून परत रडले, पण ते वेगळं रडणं होतं आणि त्याला तोच वास होता.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही मार्व्याला गेलो. बाबा म्हणाले, वाळूवर ठेवलं तर हिला उठता येणार नाही, पाण्यावरच सोडायला हवी. म्हणून मनोरीच्या फेरीबोटीत बसलो. खाडीचं तोंड समोर आल्यावर ताईने खोकं माझ्या मांडीवर ठेवलं. "तू सोड."

"तुझी आहे ना?"

"सोड गं, उगाच नखरे नकोत."

मी ओंजळ वर केली. पाखरू क्षणभर पडल्यासारखं खाली गेलं, बोटीतली एक बाई "अगो बाय!" म्हणून किंचाळली, आणि पाण्याला टेकता टेकता त्याने पंख वर धरले. मग ते चालायला लागलं. खरंच सांगते, पाण्यावर थयथय चालायला लागलं, बाबांच्या बोटांसारखं. जमिनीवर दोन पावलं न टाकू शकणारं ते पाखरू. पांढरा पट्टा उजेडात चमकत राहिला, मग लाटांत दिसेनासा झाला. परतीच्या वाटेवर ताईने माझा हात धरला होता. बोट डुचमळते म्हणून धरला, असं तिचं आजही म्हणणं आहे.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ताई मुलुंडला असते, मी अंधेरीतच, आणि वरून हेलिकॉप्टरं अजून जातात. मधल्या काळात मी पुस्तकं वाचली. इंग्रजीत त्यांना स्टॉर्म पेट्रेल म्हणतात. ती पांढऱ्या पट्ट्याची दक्षिणेकडच्या बर्फाळ मुलखात अंडी घालते, काळी पार पूर्वेकडे, जपान-कोरियाच्या बेटांवर, आणि दोघींची गाठ पडते ती आपल्या समुद्रात. बाबांनी जे सांगितलं होतं, कमरेचा पट्टा, लांब पाय, शेपटीची खाच, ते सगळं तसंच निघालं. शिवाय शास्त्रज्ञांनी आता दोघींची घराणी वेगळी केली आहेत, सख्ख्या नाहीत म्हणतात, लांबच्या. मी ताईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपली वाटणी झाली? मग आईच्या पाटल्या माझ्या."

गेल्या वर्षी पक्षी बघणाऱ्या पोरांची एक बोट खोल समुद्रात जाणार होती. मी नाव दिलं आणि ताईला ओढून नेलं. साठी उलटलेल्या आम्ही दोघी, बाकी सगळी पोरंटोरं. ताईला बोट लागली. ती कोपऱ्यात लिंबू हुंगत, मला शिव्या देत बसली होती. पोरांनी माशाचं तेल पाण्यावर ओतलं आणि थोड्या वेळात त्या आल्या. पांढऱ्या पट्ट्यावाल्या, एक नाही, थवाच्या थवा, बोटीला खेटून नाचायला लागल्या. मी कठड्याला धरून बघतच राहिले. माझ्या डोळ्यांपुढे स्टूल, ओटा, बाबांची नाचणारी बोटं. पोरं फोटो काढत होती, मी डोळे पुसत होते, आणि मागून एकदम बोंब उठली. अशी बोंब की बोटवाल्याने इंजिन कमी केलं.

"मंदा इली! मंदा इली!"

ताई उभी होती. एका हातात लिंबू, दुसरा हात लांब, भलत्याच दिशेला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी धडपडत तिच्याजवळ गेले. "कुठे गं? मला दिसत नाहीये."

"तू त्या वैजूंकडे बघत बसलीस तर कशी दिसेल? ती काय, लांब. सगळीच काळी. चालली बघ, आपल्याकडे ढुंकूनसुद्धा बघत नाहीये."

"मग तीच," मी म्हटलं.